पावणेतीन तासांचा बर्फ

शिमग्यापासून यादीत टाकून ठेवलाय.
दीडशेचा होता, आता नव्व्याण्णव,
तेही रविवारपर्यंतच.
आज शुक्रवार. दाभोळच्या धक्क्यावर
शेवटून दुसरी फेरी भरतेय.
डाव्या हातात तिकिटांचं बुक,
उजव्या हाताचा अंगठा मोबाईलवर,
घेऊ की नको, वर-खाली, वर-खाली.

खेळ असा: एक म्हातारा, एक फावडं,
डोंगराच्या कुशीत बारा घरं.
रात्रभर त्याने वाटेवरचा बर्फ ओढायचा,
सकाळी पोरं शाळेत पोचतील इतपत.
बस्स. मारामारी नाही, गुण नाहीत, कुणी मरत नाही.
पावणेतीन तासांत उजाडतं
आणि संपतं.

मी बर्फ पाहिलाय तो कारखान्याचा,
लाद्या फोडून खोक्यात भरलेला,
बांगड्याच्या वासाचा,
टेम्पोतून रस्ताभर ठिबकत येणारा.
वरून पडलेला बर्फ
फावड्याला जड लागतो की हलका,
खरं तर एवढंच बघायचंय.

पण नव्व्याण्णव.
तेवढ्यात सुलक्षणाच्या शिलाई मशीनचा पट्टा येतो.
तसा तो साठलाच येतो,
मीच माझ्याशी भाव वाढवून बोलतोय.

भाचा हेरंब चिपळुणात शिकतो, त्याचा हिशेब पक्का.
"मामा, तासाला छत्तीस रुपये पडले तुला!
माझा चारशेचा, साडेतीनशे तास झाले,
अजून अर्धा नकाशा उघडायचाय."
मी म्हटलं, करतोस काय त्यात?
"लाकडं तोडतो."
मग?
"मग चांगली कुऱ्हाड मिळते."
मग?
फोनवर जरा वेळ नुसताच पंख्याचा आवाज.

तेवढ्यात पुण्याची गाडी चढली.
काच खाली करून साहेब म्हणाले,
समोर तर दिसतंय धोपावं,
दहा मिनिटांचे एवढे पैसे?
मी रोजच्यासारखं सांगितलं,
रस्ता आहे की, खाडीला वळसा घालून जा,
डिझेल जाळा, दोन-अडीच तास भरपूर बसायला मिळेल.
त्यांनी मुकाट्याने पाकीट काढलं.
चौदा वर्षं मी हेच विकतोय,
थोडकेपणा,
आणि हेरंबच्या हिशेबाने
अख्ख्या वाशिष्ठीवर
माझ्याइतका महाग माणूस नाही.

तरी अंगठा काही दाबेना.

फेरी सुटल्यावर वर गेलो, रज्जाक चौगुलेकडे.
तो सुकाणूवर, भरतीचं पाणी कापत.
त्याला फावडं सांगितलं, बारा घरं, पहाट, सगळं.
खेळबिळ त्याला ठाऊक नाही,
मोबाईल तो फक्त जावयाला शिव्या द्यायला वापरतो.
लाल बोयाकडे बघत म्हणाला,
"रातभर ओढतो म्हणतोस.
मग त्या म्हाताऱ्याला कोणी चाय विचारतं की नाय?"

मला सांगता येईना.

रात्री घरामागच्या जांभ्याच्या गडग्यावर बसलो,
तिथेच दोन दांड्या येतात.
दिवसाचा दीड जीबी, खेळ सव्वा,
म्हणून बारा वाजायची वाट बघितली.
बाराला पाच कमी असताना पैसे भरले.
सुलक्षणा आतून म्हणाली, कोण आहे?
मी म्हटलं, कोणी नाही, बर्फ उतरवतोय.
ती पुन्हा झोपली.

आज रविवार. पंचवीस मिनिटं खेळून झालीत,
दोन घरांपुढची वाट मोकळी.
बर्फ हलका असतो पहिल्यांदा,
मग ओला होतो आणि खांद्यात भरतो,
हे कुणी कसं दाखवलं कोण जाणे.
गाड्या उतरून होईपर्यंत
रोज एखादी पायरी, जास्त नाही.
हेरंब हसतो, तीन दिवसांचं जेवण म्हणतो.
पुरवून पुरवून खातोय, खाऊ दे.

रज्जाक वरून ओरडतो
दोन्ही काठांना ऐकू जाईल असं:
"विचारली का रे चाय?"

एका खिडकीत दिवा लागलाय, मी सांगतो.
दार अजून उघडलेलं नाही.